मुलांच्या वाढदिवसाची सजावट घरच्या घरी आणि कचऱ्याविना: अनुभव व सूचना हव्या आहेत

शेवंती_ठाणे
नमस्कार. माझी मुलगी श्रावणात सहा वर्षांची होईल. आमच्या संकुलाच्या सभागृहात वाढदिवस करायचा असून वीस-पंचवीस मुले येतील. अलीकडे आम्ही ज्या वाढदिवसांना गेलो, त्या बहुतेक ठिकाणी कार्यक्रम संपल्यावर चकाकणारे फुगे, सोनेरी झिरमिळ्यांचे पडदे आणि इंग्रजी अक्षरांच्या माळा काळ्या पिशव्यांत कोंबलेल्या पाहिल्या. दोन तासांच्या आनंदासाठी इतका कचरा करणे मला पटत नाही, आणि ज्या सजावटीला मुलांचा हातही लागलेला नाही ती त्यांना फारशी आठवणीत राहते असेही मला वाटत नाही.

माझे मत असे आहे की सजावट मुलांनी स्वतः करावी, आणि तिच्यातील प्रत्येक वस्तू एकतर पुन्हा वापरता यावी किंवा ओल्या कचऱ्यात जिरावी. आपण यासाठी काय काय केले आहे, ते सविस्तर सांगावे. पावसाळ्यातील दमट हवेत कागदाचे काय होते, हेही जाणकारांनी सांगितल्यास बरे होईल.

रानवाटा
अतिशय आवश्यक धागा. वाचत आहे.

बालवाडीताई
शेवंतीताई, विषय काढल्याबद्दल आभार. अनेक वर्षे लहान मुलांबरोबर काम केल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

सहा वर्षांच्या मुलांना काय जमते, हे आधी ठरवावे. कात्रीने सरळ रेषेत कापणे, घड्या घालणे, ठसे उमटवणे आणि जाड सुईने ओवणे या चार गोष्टी या वयात छान जमतात. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल तयार मिळते. तो ठसा बिटाच्या रसात किंवा हळदीच्या दाट पाण्यात बुडवून जुन्या चादरीच्या पट्टीवर उमटवला की भिंतीवर लावण्याजोगी झालर होते. भेंडी कापल्यावर तिच्यातील चिकट रस कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा, नाहीतर रंग पसरतो आणि पाकळ्या एकमेकींत मिसळतात. बटाट्याचा ठसा मोठ्यांनी कोरून द्यावा. हे रंग उन्हात फिकट होतात, परंतु आपल्याला ते एका संध्याकाळपुरतेच हवे असतात.

हळदीचा एक खेळ मुलांना फार आवडतो. साधा पांढरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावा आणि मुलांना खाण्याच्या सोड्याचे किंवा साबणाचे पाणी व कापसाची काडी द्यावी. पिवळ्या कागदावर ती जे लिहितील ते तांबडे उमटते. गोकर्णाच्या फुलांच्या निळ्या पाण्यात बुडवलेल्या कागदावर लिंबाचा रस लावला, तर तिथे जांभळट गुलाबी रंग येतो. पाहुण्या मुलांनी आल्या आल्या आपले नाव असे लिहावे आणि तेच कागद दोरीवर टांगावेत, म्हणजे करमणूक व सजावट दोन्ही साधते.

घड्याळकाटा
विचार चांगला आहे, तरी माझा एक स्पष्ट आक्षेप आहे. मी नोकरी करते, घरी परतायला आठ वाजतात. घरगुती सजावट म्हटले की ते काम न बोलता आईच्या अंगावर येते. वडील केक घेऊन येतात आणि आई रात्री दोन वाजेपर्यंत पताका कापत बसते. तयार संच विकत घेणाऱ्या बाईला निष्काळजी ठरवणे सोपे आहे, पण तिच्याकडे वेळ कुठून येणार, याचे उत्तरही या धाग्यात यायला हवे.

बालवाडीताई
आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. रात्री एकटी जागून आई जे करते त्याला मी मुलांची हस्तकला म्हणणारच नाही. मुलांना जेवढे जमेल तेवढेच करावे आणि बाकीची भिंत मोकळी ठेवावी.

खळ_आणि_कागद
आमच्या घरी तीन पिढ्या वही-पुस्तकांच्या बांधणीचा व्यवसाय होता, म्हणून चिकटवण्याविषयी लिहितो. सजावट कागदाची आणि चिकटपट्टी प्लॅस्टिकची असेल, तर तो कागद नीट पुनर्वापरासही जात नाही आणि कुजतही नाही. यावर जुना उपाय म्हणजे खळ. एक वाटी मैदा किंवा कणीक आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवावी, मग एकूण चार-पाच वाट्या पाणी होईल असे बघून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावी. पांढरेपणा जाऊन तिला किंचित काचेसारखी चमक आली की उतरवावी, कारण ती गार झाल्यावर आणखी घट्ट होते. तुरटीची चिमूट टाकली तर ती लवकर आंबत नाही.

एक सूचना मात्र गांभीर्याने देतो. बांधणीच्या कारखान्यांत कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी आहे. ज्या खळीत मुलांची बोटे जाणार आहेत, तीत ते कदापि घालू नये, मग जुन्या माणसांनी कितीही आग्रह केला तरी.

दमट हवेबद्दल सांगायचे तर खळीचे काम वाळायला पावसाळ्यात पूर्ण दिवस लागतो. ते पंख्याखाली, एकावर एक न ठेवता वाळवावे. क्रेप कागद या दिवसांत टाळावा. थोडे पाणी लागले तरी त्याचा रंग उतरतो आणि भिंतीवर व कपड्यांवर डाग पडतात. पतंगी कागद हलका असतो, पण दमट हवेत तो लुळा पडतो, म्हणून तो आदल्या दिवशी टांगू नये. पावसाळ्यात कापडासारखे दुसरे काही नाही.

अभियंता_नाशिक
इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण घरी केलेले म्हणजे निर्दोष असा समज होतो. हस्तकलेच्या दुकानातून आणलेली फोमची तावे, चमकी, गरम गोंदाच्या कांड्या आणि नायलॉनच्या फिती या सगळ्या गोष्टी प्लॅस्टिकच आहेत. चमकी तर प्लॅस्टिकच्या अतिपातळ पापुद्र्यावर धातूचा थर देऊन त्याचे केलेले बारीक तुकडे असतात. फरशी पुसली की ते थेट मोरीत जातात आणि पुढे नदीत. चकाकणारे फुगे नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियम चढवून बनवतात, त्यामुळे ते कुजत नाहीत आणि त्यांचा पुनर्वापरही जवळजवळ होत नाही.

भेटवस्तूंचा चकचकीत कागद ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. तो मुठीत घट्ट चुरगळून सोडावा. चुरगळलेलाच राहिला तर बहुधा कागद आहे, आपोआप उलगडू लागला तर त्यात प्लॅस्टिक आहे.

कायद्याचीही माहिती असावी. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी थर्मोकोल वापरण्यास मनाई झाली. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्राच्या नियमांनुसार देशभर फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, प्लॅस्टिकचे झेंडे, सजावटीचे थर्मोकोल, प्लॅस्टिकचे पेले, चमचे व स्ट्रॉ आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलक यांच्यावर बंदी आहे. म्हणजे "अमुकचा पहिला वाढदिवस" असा जो पातळ फलक दाराशी लावतात, तोही पुष्कळदा यात मोडतो.

पळसफूल
आणि पेल्यांचे काय? कागदी पेले चालतात ना?

अभियंता_नाशिक
कागदी पेल्याला आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो, अन्यथा तो सरबत धरून ठेवणार नाही. घरचे स्टीलचे पेले सर्वांत उत्तम. अनेक संकुलांत ताटे, वाट्या व पेले यांचा सामाईक संच असतो, तो मागून घ्यावा.

पळसफूल
धन्यवाद. आमच्या विदर्भात अजून पळसाच्या पानांच्या, काडीने टाचलेल्या पत्रावळी व द्रोण आठवडी बाजारात मिळतात. माझ्या भाचीच्या वाढदिवसाला मुलांनाच द्रोण टाचायला बसवले होते. एकाचा द्रोण गळका झाला तेव्हा त्याने तो उलटा करून टोपी म्हणून डोक्यावर घातला आणि मग कुणालाच जेवायला द्रोण उरला नाही, कारण सर्वांनाच टोप्या हव्या होत्या!

रानवाटा
वाढदिवसाच्या टोपीचा प्रश्न अशा रीतीने सुटला. :)

गोमंतकी
आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात, सिंधुदुर्गात तिलाच माटवी म्हणतात. लाकडी चौकट छताला टांगून तिला नारळ, सुपारीचे शिपटे, केळी, तोरिंजन, कांगणी, कवंडळे अशी त्या ऋतूत मिळणारी फळे-पाने बांधतात. माझ्या मते घरच्या सजावटीचा याहून चांगला नमुना शोधावा लागत नाही, कारण उत्सव संपला की खाण्याजोगे खाल्ले जाते आणि उरलेले मातीत जाते. शेवंतीबाय, आपला कार्यक्रम श्रावणात आहे. लहानशी बांबूची चौकट करून तिला पेरू, मक्याची कणसे, आंब्याचे डहाळे, हळदीची पाने बांधता येतील. रानातील कवंडळे दिसायला सुंदर लाल असतात, पण ती खायची नसतात, म्हणून लहान मुले असताना ती टाळावीत. रानातून काही आणायचे झाल्यास एखाद-दुसरे आणावे, वेलच्या वेल ओरबाडून आणू नये.

शेवंती_ठाणे
ही कल्पना मनापासून आवडली. जाताना प्रत्येक मुलाला चौकटीवरचे एक फळ काढून देता येईल.

इसारकाठ
म्युनिकहून लिहीत आहे. इकडे ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, बालवाडीतील मुले स्वतः बनवलेले कागदी कंदील काठीला अडकवून संध्याकाळी मिरवणुकीने निघतात. दिवाळी त्याच सुमारास येत असल्याने आमच्या मराठी मंडळातील काही कुटुंबे एकाच बैठकीत दोन्ही कंदील करतात: आपला बांबूच्या काड्यांचा, करंज्या व शेपट्या लावलेला आकाशकंदील आणि त्यांचा गोल कंदील. कागद निराळा असला तरी सांगाडा बांधणे, कागद ताणून चिकटवणे आणि वाळेपर्यंत हात न लावण्याचा संयम ठेवणे हे तिन्ही दोन्हीकडे सारखेच आहे.

चमकीबद्दल वर आले आहे, त्यात एक भर घालतो. युरोपीय संघात १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आले. आमच्या मुलांच्या हस्तकलेत त्यामुळे काही उणे झाल्याचे जाणवत नाही. गळलेल्या पानांना भोके पाडण्याच्या यंत्राने टिकल्या पाडून मुले त्याच उधळतात.

सुतारपक्षी
गळलेल्या पानांवरून आठवले. पिंपळाची पक्व पाने पाण्यात तीन-चार आठवडे भिजत ठेवली की मधला गर कुजून निघून जातो आणि शिरांची जाळी शिल्लक राहते. पाणी अधूनमधून बदलावे, वास येतो. नंतर पान वाहत्या पाण्याखाली धरून जुन्या दातघासणीने एका दिशेने अगदी हलके घासावे. देठापासून टोकाकडे गेले तर जाळी टिकते, उलट गेले तर फाटते. वाळल्यावर ती पाने दोऱ्यात ओवून खिडकीत टांगली की प्रकाश त्यांच्यातून गाळून येतो. श्रावणापर्यंत वेळ आहे, म्हणून आत्ताच भिजत घालावीत.

घड्याळकाटा
हे मलाही जमेल. भिजत घालून विसरून जायचे आहे!

दुर्गेश_जुना_सभासद
मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. आमच्याकडे थर्मोकोलचे एक मखर बंदी येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि दर वर्षी मुलांच्या कार्यक्रमात तेच नव्याने रंगवून वापरतो. येथील काही प्रतिसाद वाचून ते आता फेकून द्यावे, असे घरातील तरुण मंडळी म्हणत आहेत. एकदा तयार झालेली वस्तू फेकून नवी पर्यावरणपूरक वस्तू विकत आणणे मला पटत नाही.

अभियंता_नाशिक
तुमच्या म्हणण्यातील मूळ मुद्दा योग्य आहे. जी वस्तू घरात आहे ती शक्य तेवढी वापरावी, हे कोणत्याही नव्या खरेदीपेक्षा बरे. मात्र थर्मोकोल जुने झाले की त्याचे दाणे सुटतात. दाणे सुटू लागले असतील तर ते मुलांच्या हाती देऊ नये आणि दर वर्षी नव्याने रंगवण्याऐवजी वरून कापड गुंडाळावे.

खळ_आणि_कागद
किंवा त्यावर कागदाचा लगदा थापावा. जुनी वर्तमानपत्रे भिजवून कुटावीत आणि त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालाव्यात. मेथ्यांनी लगदा चिकटही होतो आणि त्याला कीड लागत नाही. पूर्वी घरोघरी अशा लगद्याच्या टोपल्या असत. मात्र पावसाळ्यात लगदा वाळत नाही, त्याला बुरशी येते. हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत करावे.

बालवाडीताई
विषय निघालाच आहे म्हणून मनातील खंत सांगते. शाळांमध्ये "टाकाऊपासून टिकाऊ" असा उपक्रम असतो. माझ्या ओळखीच्या एका शाळेत त्यासाठी पालक नवे कागदी पेले, नव्या आइस्क्रीमच्या काड्या आणि नवे फोम विकत आणत आणि वस्तूला गुण मिळाले की त्याच आठवड्यात ती कचऱ्यात जाई. मुलाने त्यातून नेमके काय शिकावे?

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे मुलांना आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, वर्तमानपत्र अशा वस्तूंतून खेळणी करायला शिकवले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की मूल ते मोडून पाहते आणि पुन्हा जोडते. वाढदिवसाला परतभेट म्हणून प्लॅस्टिकची खेळणी वाटण्यापेक्षा मुलांनी तिथेच कागदाचे भिरभिरे, होडी किंवा टोपी करून घरी न्यावी. विकतच द्यायचे असेल तर सावंतवाडीची लाकडी फळे किंवा भोवरे द्यावेत, ते वर्षानुवर्षे टिकतात.

मंजिरी_आजी
तुम्हा सर्वांचे वाचून बरे वाटले. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण लहान मुलांचे बोरन्हाण करतो, त्याचा उल्लेख कसा कुणी केला नाही? मुलाला काळे झबले, अंगावर हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या. मुलांनी ते वेचून खायचे आणि खाली सांडलेले चिमण्यांना. कचरा म्हणावा असे काही उरतच नसे. आता त्यातही वेष्टनातील चॉकलेटे टाकतात आणि हलव्याच्या दागिन्यांत प्लॅस्टिकचे मणी ओवतात, ते पाहून मला वाईट वाटते.

श्रावणात बोरे नसतात, पण ज्वारीच्या लाह्यांच्या माळा मुलांना ओवता येतील. लाही मधोमध टोचावी, कडेला टोचली तर फुटते. अर्ध्या माळा ओवताना मुलांच्या पोटात जातील हे धरूनच लाह्या घ्याव्यात. औक्षणाच्या वेळी पाटाभोवती फुलांच्या पाकळ्यांची रांगोळी मुलांना काढू द्यावी, वाकडी आली तरी मोठ्यांनी पुसू नये.

रानवाटा
आजी, मुंग्यांचे काय करावे?

मंजिरी_आजी
त्याच दिवशी ओवावे आणि त्याच दिवशी संपवावे. मुंग्या यायच्या आत मुलेच फस्त करतात.

शेवंती_ठाणे
आजी, नमस्कार. आपला प्रतिसाद मी घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला.

एक शंका अजून शिल्लक आहे. फुगे अजिबात नसावेत असे माझे म्हणणे आहे, परंतु मुलीला निदान थोडे तरी हवे आहेत. झाडाच्या रबराचे, विघटनशील असे लिहिलेले फुगे मिळतात. ते घ्यावेत का?

अभियंता_नाशिक
ते फुगे झाडाच्या चिकाचे असतात हे खरे आहे, पण त्यावर गंधक व रंगांची प्रक्रिया झालेली असल्यामुळे ते लगेच कुजत नाहीत. उघड्यावर पडले तर गुरे व पक्षी ते गिळू शकतात. शिवाय फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकण्याचा धोका असतो, म्हणून आठ वर्षांखालील मुलांबाबत पाकिटावर सूचना असते. घ्यायचेच असतील तर मोजके घ्यावेत, तोंडाने किंवा पंपाने फुगवावेत, आकाशात सोडू नयेत आणि फुटलेले तुकडे लगेच गोळा करावेत.

घड्याळकाटा
मुलीच्या इच्छेचाही मान राहू द्या. थोड्या फुग्यांनी जग बुडत नाही. सजावटीतील प्रत्येक गोष्ट तत्त्वाला धरून असावी असा हट्ट झाला, तर मुलांना या विषयाचाच कंटाळा येईल.

माझ्या वेळेच्या प्रश्नावर मीच एक सुचवते. आमच्या संकुलात आम्ही आठ कुटुंबांनी मिळून जुन्या ब्लाउजपिसांच्या त्रिकोणी पताका सुतळीवर शिवून घेतल्या, शिंप्याने ते काम एका दुपारी केले. त्यांबरोबर दोन जुन्या साड्यांचे पडदे, लाकडी चिमटे आणि दिव्यांची एक माळ अशी पत्र्याची पेटी तयार झाली. ज्याच्या घरी कार्यक्रम, त्याच्या घरी पेटी. पताका भिंतीला चिकटवत नाही, खिडकीच्या गजापासून गजापर्यंत दोरी ओढून चिमट्यांनी लावतो, त्यामुळे रंगही उडत नाही. आता मला रात्री जागावे लागत नाही, आणि पेटी पोहोचवण्याचे काम मुलांच्या वडिलांकडे दिले आहे.

खळ_आणि_कागद
संपूर्ण धाग्यातील मला सर्वांत पटलेली सूचना. एवढेच करावे की पताका परत ठेवण्याआधी पूर्ण वाळवाव्यात आणि पेटीत कडुनिंबाची वाळलेली पाने घालावीत.

शेवंती_ठाणे
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता असे ठरवले आहे: कापडी पताका व साडीचा पडदा शेजारच्या दोन कुटुंबांबरोबर मिळून करू. पिंपळाची पाने काल संध्याकाळी भिजत घातली. मुले आल्यावर हळदीच्या कागदावर नावे लिहितील आणि लाह्यांच्या माळा ओवतील. छताला गोमंतकी यांनी सांगितलेली चौकट. फुगे पाच, तेही मुलीने स्वतः मोजून ठरवलेले. खाऊ स्टीलच्या वाट्यांत.

बालवाडीताई, हळदीचे कागद किती दिवस आधी करून ठेवता येतात?

बालवाडीताई
दोन-तीन दिवस आधी करून चालतील, फक्त वाळल्यावर वहीत दाबून अंधाऱ्या कपाटात ठेवावेत, कारण उजेडात हळद उडते. टाइल किंवा पांढऱ्या कपड्यांवर डाग पडू नयेत म्हणून कागद बुडवण्याचे काम मोरीत करावे आणि साबणाचे पाणी मुलांना उथळ वाटीत द्यावे, खोल पेला कलंडतो.